खटला खोटा, उलटतपास खरा

"हो की नाही एवढंच सांग, मामा."

मी सांगत होतो की त्या दिवशी तलावावर वारा होता, सुट्टीची गर्दी होती, हाताखाली एकच माणूस होता. भाची काही ऐकून घेईना. न्यू जर्सीतलं मावसबहिणीचं घर, डिसेंबरातली संध्याकाळ, आणि भाचीच्या शाळेच्या खटला-स्पर्धेच्या सरावासाठी जेवणाच्या टेबलाच्या टोकाला मी साक्षीदार होऊन बसलेला. हातात दोन पानी जबाब. त्या जबाबाप्रमाणे मी तलावावर बोटी भाड्याने देणारा दुकानदार, आणि माझी एक बोट उलटून एक माणूस जखमी झालेला.

"बोटीत लाइफ जॅकेटं चार होती. बरोबर?"

"हो."

"आणि बोट उलटली तेव्हा बोटीत माणसं पाच होती."

"हो, पण तो पाचवा..."

"थँक यू. पुढचा प्रश्न."

मी शाळामास्तर. वर्षानुवर्षं मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार केलं. आवाज कुठे चढवायचा, थांबायचं कुठे, टाळीचं वाक्य कुठे ठेवायचं, हे सगळं पाठ. इथे मात्र अकरावीतली पोरगी मला वाक्य पुरं करू देत नव्हती, आणि तिची आई कौतुकाने म्हणत होती, "छान कंट्रोल केलंस त्याला!" हा काय प्रकार आहे हे समजून घ्यायला मग मी महिनाभर तिच्या मागे लागलो. बोटीचा खटला खरं तर मीच रचलेला आहे. तिचा त्या वर्षीचा खटला बराच गुंतागुंतीचा होता, तो इथे सांगत बसलो तर मूळ मुद्दा राहून जाईल.

अमेरिकेतल्या हायस्कुलांत, म्हणजे साधारण आपल्या नववी ते बारावीच्या मुलांत, मॉक ट्रायलच्या स्पर्धा चालतात. मराठीत अभिरूप खटला म्हणू. दोन शाळांच्या टीम समोरासमोर येतात. एक वादीची किंवा सरकार पक्षाची, दुसरी बचावाची. काही मुलं वकील होतात, काही साक्षीदार. बऱ्याचदा हे सगळं खऱ्या कोर्टाच्या दालनात होतं, संध्याकाळी किंवा शनिवारी, आणि न्यायासनावर खरेखुरे न्यायाधीश किंवा वकील फुकट वेळ देऊन बसलेले असतात. बहुतेक राज्यांत ही स्पर्धा तिथली वकील संघटना किंवा तिच्याशी जोडलेली एखादी संस्था चालवते. न्यू जर्सीत राज्याच्या बार असोसिएशनचं फाउंडेशन चालवतं. न्यूयॉर्कमध्ये बार असोसिएशन स्वतःच चालवते.

इथे दोन गल्लती होतात. आपल्याकडे विधी महाविद्यालयात असतं ते मूट कोर्ट. त्यात साक्षीदार नसतात. खालच्या कोर्टाचा निकाल आधीच लागलेला असतो आणि विद्यार्थी अपिलात उभे राहून फक्त कायद्यावर युक्तिवाद करतात. मॉक ट्रायल त्याच्या आधीच्या पायरीवर आहे, घडलं काय हेच अजून ठरायचं असतं. दुसरी गल्लत टीन कोर्टाशी. टीन कोर्टात किरकोळ गुन्हा केलेल्या खऱ्या मुलांना त्यांच्याच वयाची मुलं समाजसेवेसारखी शिक्षा ठरवून देतात. तिथलं सगळं खरं, इथलं सगळं रचलेलं.

रचलेलं म्हणजे किती, तर गावसुद्धा काल्पनिक असतं. मोसमाच्या सुरुवातीला आयोजक सगळ्या शाळांना एकच फाइल देतात. तिला मुलं 'पॅकेट' म्हणतात. त्यात दावा किंवा आरोपपत्र, साक्षीदारांचे सही केलेले जबाब, नकाशा, फोटो, एखादं पत्र, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टींची यादी, लागू होणारा कायदा आणि पुराव्याचे नियम असं सगळं असतं. हे नियम अमेरिकेच्या १९७५ च्या संघीय पुरावा नियमांवरून मुलांसाठी छाटून घेतलेले असतात. पॅकेटच्या बाहेरचं काहीही चालत नाही. इंटरनेटवर शोधून आणलेला निवाडा नाही, की घरी सुचलेली हकीकतही नाही.

पॅकेट लिहिणाऱ्यांचं कसब असं की खटला मुद्दाम अर्धवट ठेवायचा. दोन्ही बाजूंकडे चांगली पानं आणि दोन्ही बाजूंकडे एकेक लाजिरवाणं पान. माझ्या बोटीच्या खटल्यात वादीकडे चार जॅकेटं आणि पाच माणसं हे पान आहे. बचावाकडे उत्तर आहे: किनाऱ्यावरून निघाली तेव्हा बोटीत चारच जण होते, पाचवा पलीकडच्या काठावरून चढला. मात्र दुकानदाराच्याच जबाबात एक ओळ आहे की पलीकडचा काठ त्याच्या खिडकीतून दिसतो.

आणि प्रत्येक टीमने दोन्ही बाजू तयार करायच्या असतात. सकाळच्या फेरीत भाची वादीची वकील असेल तर दुपारी तीच बचावाला उभी. एकाच घरात एकाच आठवड्यात मी निष्काळजी दुकानदारही झालो आणि बिचारा दुकानदारही झालो. आपल्या वादविवाद स्पर्धेत अनुकूल-प्रतिकूल बाजू चिठ्ठीने मिळते, पण ती एकदाच. इथे आपणच सकाळी केलेला युक्तिवाद दुपारी मोडायचा असतो. त्यामुळे आपल्या बाजूचं लंगडं पान कुठलं, हे मुलांना प्रतिपक्षापेक्षा आधी कळलेलं असतं.

राष्ट्रीय स्पर्धेत एका फेरीला प्रत्येक टीमचे तीन वकील आणि तीन साक्षीदार उतरतात. कॅलिफोर्नियात टीम मोठ्या असतात. तिथे मुलं कोर्टाचे कारकून आणि कोर्टात शिस्त राखणारे बेलिफही होतात, आणि खटल्याच्या आधी एका घटनात्मक मुद्द्यावर वेगळा युक्तिवादही असतो. क्रम मात्र सगळीकडे ओळखीचा. सुरुवातीचं निवेदन, मग वादीचे साक्षीदार, मग बचावाचे, शेवटी समारोपाचा युक्तिवाद. राष्ट्रीय स्पर्धेत निवेदनाला ५ मिनिटं, समारोपाला ५ मिनिटं, आपल्या सगळ्या साक्षीदारांना मिळून २५ मिनिटं आणि समोरच्यांच्या उलटतपासाला मिळून २० मिनिटं. आकडे जोडून पाहा. भाषणाला १० मिनिटं, प्रश्नांना ४५. माझी वक्तृत्वाची मुलं इथे पहिल्याच फेरीत घरी गेली असती.

प्रश्नांचे दोन प्रकार, आणि सुदैवाने त्यांना आपल्या तालुका कोर्टात घासून गुळगुळीत झालेले शब्द आहेत. आपल्याच साक्षीदाराला विचारतो तो सरतपास. समोरच्याच्या साक्षीदाराला विचारतो तो उलटतपास.

सरतपासात सूचक प्रश्न चालत नाहीत. म्हणजे उत्तर पोटात असलेला प्रश्न. "बोट सुटली तेव्हा तुम्ही माणसं मोजलीत ना?" हे चालणार नाही, समोरून लगेच हरकत येईल. "बोट सुटताना तुम्ही काय केलंत?" हे चालेल. मग साक्षीदाराने सांगायचं आणि वकिलाने बाजूला व्हायचं. हे दिसतं सोपं, पण मुलांना सगळ्यात जड हेच जातं असं भाचीच्या कोचचं म्हणणं. वकील झालेल्या मुलाला वाटतं, आपण चमकावं. सरतपास चांगला झाला तर वकील कोण होता हे ऐकणाऱ्याला आठवतही नाही, साक्षीदारच लक्षात राहतो.

उलटतपासात सगळं उलटं. तिथे सूचकच प्रश्न विचारायचे, शक्यतो प्रश्नागणिक एकच गोष्ट, आणि उत्तर आधीच ठाऊक असलेलं. खरं तर ती विधानंच असतात, शेवटी "बरोबर?" लावलेली. "का" हा शब्द जवळपास निषिद्ध. भाचीने मला "पाच जण का बसू दिलेत?" असं विचारलं असतं, तर मी पलीकडच्या काठाची सगळी कथा सुनावली असती, आणि तिला ती थांबवताही आली नसती, कारण तिनेच विचारलं होतं. म्हणून चार जॅकेटं, पाच माणसं, थँक यू. पुढे समारोपात तिचीच टीम म्हणणार: मोजा आणि तुम्हीच ठरवा. पाचव्याची कथा बाहेर आणायला मग बचावाच्या वकिलाला फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर आपल्या साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारायला, उठावं लागतं, आणि घड्याळात मिनिटं उरली असतील तरच ते जमतं.

हरकतींमध्ये पोरांची लाडकी म्हणजे हिअरसे, ऐकीव पुरावा. मोठ्यांनाही यात घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. ढोबळ नियम असा: कोर्टाबाहेर कोणी काही बोललं आणि ते बोलणं खरं होतं हे सिद्ध करायला तुम्ही ते कोर्टात आणलं, तर ते ऐकीव. कारण साधं आहे. बोलणारा समोर नाही, त्याला उलट काही विचारता येत नाही. आपल्या १८७२ च्या पुरावा अधिनियमातही कलम ६० म्हणत होतं की तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे. पाहिलेल्या गोष्टीबद्दल ज्याने पाहिली त्यानेच बोलावं.

आता दुकानातला नोकर साक्षीला उभा आहे. तो म्हणतो, "सकाळी एक गिऱ्हाईक मालकांना म्हणालं, ही बोट गळतेय." वादीला यावरून बोट गळत होती हे सिद्ध करायचं असेल तर हरकत टिकेल. ते गिऱ्हाईक कुठे आहे? त्याला बोटीतलं काय कळतं? पण वादीचा वकील हुशार असेल तर म्हणेल, "न्यायाधीश महाराज, बोट गळत होती की नव्हती हे मला यातून दाखवायचंच नाही. मालकांच्या कानावर इशारा गेला होता, एवढंच दाखवायचंय." आता तेच वाक्य ऐकीव राहत नाही. गिऱ्हाइकाचं म्हणणं खरं असो की खोटं, ते बोललं गेलं आणि मालकाने ऐकलं, हाच मुद्दा झाला, आणि ते नोकराने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तिसरी शक्यता: नोकर म्हणतो, "मालक स्वतः मला म्हणाले, ती बोट गळते, ठाऊक आहे मला." हे तर सरळ आत. प्रतिवादीचे स्वतःचेच शब्द वादीने त्याच्याविरुद्ध वापरायला आडकाठी नाही. तो समोरच बसलाय, खुलासा करायचा तर करू दे त्याने.

एकाच वाक्याचे हे तीन निकाल सोळा वर्षांची मुलं उभ्या उभ्या, नोंदी न बघता मांडतात. हरकत घ्यायचा अधिकार त्या साक्षीदाराची तपासणी किंवा उलटतपासणी ज्या वकिलाकडे असेल त्यालाच. शेजारी बसलेल्याने उठायचं नाही, फार तर टेबलाखालून कोपरखळी मारावी. कोच प्रेक्षकांत बसलेला असतो आणि फेरी संपेपर्यंत त्याला हाताने खूण करायचीही मुभा नसते. भाचीचा कोच म्हणे अशा वेळी हातावर बसून राहतो.

साक्षीदारांचं काम दुय्यम वाटतं, तसं ते नाही. जबाबाची दोन पानं पाठ करून त्यातून माणूस उभा करायचा, आणि उलटतपासात त्या माणसासारखंच अडखळायचं. पण अडखळताना नवं काही रचायचं नाही. जबाबात नसलेली, खटल्याला कलाटणी देणारी गोष्ट साक्षीदाराने फेकली, तर तो या खेळातला सगळ्यात मोठा फाउल. मी पहिल्याच सरावात तो केला. "मी ओरडून सांगितलं होतं त्यांना, पाचव्याला घेऊ नका म्हणून," असं मी भरात बोलून गेलो. भाची शांतपणे उठली, मला माझाच जबाब दिला.

"ही सही तुमची?"

"हो."

"घटनेनंतर दोन दिवसांनी, शपथेवर दिलेला जबाब. महत्त्वाचं ते सगळं यात सांगितलंत?"

"हो."

"मग तुम्ही ओरडलात ते वाक्य मला यात दाखवा."

मी खरोखरच दोन्ही पानं चाळली. त्या शोधण्यात जे दहा सेकंद गेले तेवढे तिला पुरे होते. या तीन पायऱ्यांच्या विधीला इम्पीचमेंट म्हणतात, आपल्या वकिलांच्या भाषेत साक्षीदाराला खोटं पाडणं. आवाज चढवायचा नाही, उपहास करायचा नाही. फक्त कागद हातात द्यायचा.

मग जिंकतं कोण? इथे घरच्या सगळ्यांची एकदा तरी फसगत होते. न्यायाधीश निकाल देतात, कधी देतही नाहीत, पण स्पर्धेतला विजय त्यावर ठरत नाही. गुण देणारे परीक्षक वेगळे असतात. निवेदन, प्रत्येक तपास, प्रत्येक साक्षीदार, समारोप, सगळ्यांना स्वतंत्र गुण, बहुतेक ठिकाणी १ ते १० मध्ये. ज्या टीमची बेरीज जास्त तिला त्या परीक्षकाचं मत. आरोपी दोषी ठरला आणि फेरी बचावाच्या टीमने जिंकली, असं सर्रास होतं. मावसबहीण पहिल्या वर्षी निकाल ऐकून रडवेली होऊन पार्किंगमध्ये गेली होती, आत मुलं नाचत होती.

बऱ्याच राज्यांत गुण देणारे परीक्षक ज्युरीच्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या, खुर्च्यांवर बसतात आणि मुलं त्यांच्याकडेच तोंड करून बोलतात. न्यूयॉर्कमध्ये ज्युरी मानलीच जात नाही, सगळं न्यायाधीशापुढे. आपल्याला ज्युरीची सवय राहिलेली नाही. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी नानावटी यांना ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं आणि न्यायाधीशांना ते इतकं पटलं नाही की त्यांनी खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला. पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरी उरलीच नाही. अमेरिकी मुलाला मात्र आपण उद्या ज्युरीत बसणार हे ठाऊक असतं, आणि या स्पर्धांना तिथे इतकी माणसं फुकट वेळ देतात त्याचं एक कारण मला तेच वाटतं.

राष्ट्रीय स्पर्धा १९८४ मध्ये आयोवा राज्यात डे मॉइनला सुरू झाली, पाच राज्यांच्या टीमवर. आता राज्यांच्या विजेत्या टीम दर मे महिन्यात वेगळ्या शहरात जमतात. ग्वाम, नॉर्दर्न मारियाना बेटं, अगदी दक्षिण कोरियाच्या टीमही त्यात उतरल्या आहेत. २०२० ची स्पर्धा महामारीने बुडाली आणि २०२१ ची पडद्यावर झाली.

तिच्या इतिहासातला सगळ्यात चुरशीचा खटला मात्र पॅकेटमधला नव्हता. २००५ मध्ये न्यू जर्सीत एक ज्यू धार्मिक शाळा जिंकली, टीनेक गावची तोरा अकॅडमी. राष्ट्रीय स्पर्धा नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला होती, आणि फेऱ्या शनिवारीही. ही मुलं शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे कामबंदीचा पवित्र दिवस, पाळणारी, त्या वेळात स्पर्धेत उतरणार नाहीत. आयोजकांनी आधी नकार दिला. बराच गदारोळ झाल्यावर त्या वर्षापुरतं वेळापत्रक जुळवून घेतलं, पण पुढे असं करणार नाही असंही ठरवलं. त्यावर न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन राज्यं राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडली आणि त्यांनी स्वतःची वेगळी आमंत्रितांची स्पर्धा काढली. २००९ मध्ये अटलांटाला तीच वेळ पुन्हा आली, या वेळी मॅसॅच्युसेट्सची ज्यू शाळा. आयोजक अडून बसले तेव्हा तिथल्या मुख्य न्यायाधीशांनी कोर्टाची इमारतच स्पर्धेला न देण्याचा इशारा दिला, आणि वेळापत्रक बदललं. आयोजकांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. फेऱ्यांच्या जोड्या आधीच्या निकालांवरून लागतात, एका टीमची वेळ हलवली की इतरांचीही हलते. पण सगळ्यांना सारखा नियम म्हणजेच न्याय का, हा प्रश्न कोर्टाच्या दालनात मुलांना उभं करणाऱ्यांना विचारला जावा, यात मजा आहेच.

माझी स्वतःची तक्रार दुसरी आहे. टीमला शिक्षकाबरोबर एक वकील कोच लागतो. जिथे पालकांतच चार वकील असतात त्या शाळेला तो चुटकीसरशी मिळतो, जिथे नसतात तिथे शिक्षक एकटाच नियम वाचत बसतो. परीक्षकाच्या डोळ्यांना सुटाबुटातला आत्मविश्वास जास्त दिसतो, हेही मी पाहिलं. भाचीला हे बोललो तर म्हणाली, "मामा, हे ओपिनियन झालं. फाउंडेशन कुठेय?" म्हणजे मत मांडायला तुझ्याकडे आधार काय. तोही हरकतीचाच एक प्रकार.

परत आल्यावर गावच्या शाळेत हा खेळ खेळून पाहावा म्हणून बोटीचा खटला मराठीत लिहायला बसलो. शब्दांची अडचण आलीच नाही. सरतपास, उलटतपास, फेरतपास, हरकत मंजूर, हरकत नामंजूर, सगळं तयार होतं. तळ्याचं धरण झालं, लाइफ जॅकेटं तीच राहिली. अडलो ते जबाबाच्या पहिल्या ओळीवर. अमेरिकी पॅकेटमध्ये साक्षीदारांची नावं मुद्दाम मुलगा-मुलगी दोघांनाही चालतील अशी असतात, जॉर्डन, टेलर, केसी, म्हणजे टीममधलं कोणीही ती भूमिका घेऊ शकतं. किरण, सुमन अशी नावं आपल्याकडेही आहेत. पण "मी त्या दिवशी सकाळी धरणावर..." इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. गेलो की गेले? कर्मणी प्रयोगाने एक परिच्छेद रेटून पाहिला, तर दुकानदार पोलिसी पंचनाम्यासारखा बोलायला लागला. शेवटी प्रत्येक जबाबाच्या दोन प्रती काढल्या, एक गेलोची, एक गेलेची, आणि मुलांना सांगितलं की दोन्हींत एवढाच फरक आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य समजावं.